दातांना तार: कधी घाई करायची, कधी थांबायचं

आमच्या लेकीचा वरचा उजवा सुळा वेळेवर आला, डावा आलाच नाही. तिथला दुधाचा सुळा अकराव्या वर्षीही घट्ट होता. ‘पडेल आपोआप, एवढी काय घाई’ असं मीच म्हणत राहिले. शेवटी एका दंतवैद्यांनी हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “इथे उंचवटाच लागत नाहीये. एक्स-रे काढूया.” एक्स-रेत दिसलं की पक्का सुळा खाली यायचं सोडून टाळूच्या बाजूला आडवा सरकत होता. हेच नवव्या-दहाव्या वर्षी कळलं असतं, तर कदाचित नुसता दुधाचा दात काढून भागलं असतं, कारण वाट मोकळी झाली की असा सुळा बऱ्याचदा आपसूक वळतो. आम्हाला मात्र हिरडी उघडून, दाताला बारीक साखळी लावून तो महिनोन्महिने खाली ओढावा लागला.

पुढे त्रेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः तार लावली. दोघींच्या त्या काही वर्षांतून एक गोष्ट पक्की कळली: घाई करायची ती तपासणीची. तार लावायची आणि काढायची घाई मात्र करू नये.

पहिली तपासणी सातव्या वर्षी

‘सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. दुधाचे सगळे दात पडेपर्यंत मूल बारा वर्षांचं होतं आणि काही दुरुस्त्यांची वेळ तोवर निघून गेलेली असते. अमेरिकेतली दंतव्यंगतज्ज्ञांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा असं सांगते. त्यामागचं कारण सरळ आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली पक्की दाढ येते, पुढचे पक्के दात यायला लागतात, आणि जबडे एकमेकांवर कसे बसणार याचा अंदाज तेव्हाच येतो. या वयात तपासलेल्या बहुतेक मुलांना काहीच करावं लागत नाही. ‘वर्षाने पुन्हा आणा’ एवढंच सांगतात, आणि ते ऐकायला जाणं वाया जात नाही.

आता मुद्दाम थांबायचं कुठे, ते आधी सांगते. आठ ते दहा वर्षांच्या मुलांच्या वरच्या दोन पुढच्या दातांत फट दिसते, दात बाहेरच्या बाजूला फाकल्यासारखे वाटतात, आणि आईबापांचा जीव खालीवर होतो. हिरडीत वर दडलेले सुळे शेजारच्या दातांच्या मुळांना रेटत असतात, म्हणून ते तसं दिसतं. सुळे खाली उतरले की ती फट बहुतेकदा मिटते. या फटीसाठी लगेच तार लावायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

पुढे सांगते त्या गोष्टी दिसल्या तर मात्र दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका. तोंड मिटल्यावर खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तर वरचा जबडा पुढे ओढणारं साधन दहाव्या वर्षाच्या आत जास्त चांगलं काम करतं. वरचा जबडा अरुंद असेल आणि एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर टाळूला लावायच्या स्क्रूच्या पट्टीने तो रुंदावता येतो, कारण टाळूचा मधला सांधा तेव्हा पुरता जुळलेला नसतो. दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली असेल, तर तिथे जागा राखणारी कडी बसवून घ्या. नाहीतर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला यायला जागाच उरत नाही. नवव्या-दहाव्या वर्षी वरच्या सुळ्यांच्या जागी हिरडीवरून बोट फिरवून उंचवटा लागतो का, तेही डॉक्टरांना बघायला सांगा. आम्ही तेवढंच केलं नव्हतं.

अंगठा चोखणं आणि तोंडाने श्वास घेणं या दोन सवयींकडेही लक्ष द्या. मूल रात्री तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाक चोंदलेलं असताना नुसते दात सरळ करून उपयोग होत नाही.

खालचा जबडा मागे आणि वरचे दात पुढे, ही तर आपल्याकडची नेहमीची तक्रार. यात वाढीचा झपाटा गाठायचा असतो. मुलींमध्ये तो साधारण दहा ते बारा आणि मुलांमध्ये बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास येतो. या काळात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं, काढता-घालता येणारं साधन दिवसरात्र वापरलं तर चेहऱ्यात फरक पडतो. मुलाने ते दप्तरातच ठेवलं तर काहीही होत नाही.

कोणाकडे जायचं

बीडीएस झालेले डॉक्टर दात भरतात, काढतात, रूट कॅनाल करतात. तारेचं काम ज्यांनी शिकलेलं असतं ते बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलेले असतात. अनेक दवाखान्यांत हे तज्ज्ञ महिन्यातून एक-दोनदा बाहेरून येतात. त्यात वाईट काही नाही, फक्त मधेच तार टोचू लागली तर कोण बघणार, हे आधी विचारून ठेवा. ‘तार तुम्ही स्वतः लावणार का? तुमचं एमडीएस कशात आहे?’ असं विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

खर्च झेपत नसेल तर सरकारी आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांचा विचार करा. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय, या सगळ्या ठिकाणी हा विभाग आहे. तिथे एमडीएसचे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त जातो, रांग असते, पण काम नीट तपासलं जातं. एकच विचारून घ्या: विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम संपला तर आपली केस पुढे कोणाकडे जाणार?

तार लावण्याआधीच्या भेटी

पहिल्याच भेटीत कोणी तार लावायला घेत असेल तर उठून या. आधी ओपीजी लागतो, म्हणजे सगळे दात आणि दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे. मग डोक्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे लागतो. जबडे पुढे-मागे किती आहेत याची मापं त्यावरून काढतात. दातांचे साचे किंवा स्कॅन घेतात, चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो काढतात. किडलेले दात भरून, दात साफ करून झाले की मगच तारेकडे वळायचं. या नोंदींची प्रत मागून स्वतःजवळ ठेवा. बदली झाली किंवा बारावीनंतर मूल दुसऱ्या गावी गेलं, तर नव्या डॉक्टरांना त्यावरूनच पुढचं काम हातात घेता येतं.

त्यानंतर येतो घरात सगळ्यात जास्त वादाचा विषय: दात काढायचे की नाही. जबड्यात जागाच कमी असेल किंवा पुढे आलेले दात मागे घ्यायचे असतील, तर सहसा सुळ्यामागची पहिली उपदाढ काढतात, कधी दोन, कधी चारही. आमच्याकडे आजी कळवळून म्हणाल्या, “चांगले दात उपटायचे? आणि वरचे काढले तर डोळ्यांवर परिणाम होईल गं.” दात काढल्याने नजर कमी होत नाही. दातांच्या आणि डोळ्यांच्या नसा वेगवेगळ्या आहेत. त्यांची कळकळ खरी होती, म्हणून डॉक्टरांनी त्यांनाही समोर बसवून एक्स-रे दाखवला. कुठे जागा नाही ते डोळ्यांनी दिसल्यावर त्या शांत झाल्या. घरातल्या मोठ्यांना एकदा सोबत न्या, घरातला अर्धा वाद तिथेच संपतो.

मात्र दात न काढता भागेल का, हा प्रश्न विचाराच. कधी जबडा रुंदावून, कधी दातांच्या बाजू अगदी थोड्या घासून जागा करता येते. कधी ते जमत नाही, आणि जबरदस्तीने सगळे दात बसवले तर ते पुढे झुकतात, ओठ मिटत नाहीत. काढायचे असोत वा नसोत, कारण तुम्हाला कळेल अशा शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे.

एवढा वेळ का लागतो

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पडदा असतो. तारेचा हलका दाब पडला की दात ज्या बाजूला सरकायचा, त्या बाजूचं हाड शरीर विरघळवतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरतं. हे काम सावकाशच होतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकला तरी चांगला वेग. एक उपदाढ काढली की सुमारे सात मिलिमीटर जागा होते. म्हणजे नुसती ती जागा मिटवायलाच सात-आठ महिने गेले. त्याआधी दात एका रेषेत आणायचे काही महिने आणि नंतर वरचे-खालचे नीट जुळवायचे काही महिने धरले, की दीड-दोन वर्षांचा हिशेब लागतो. जोर वाढवून वेग वाढत नाही. उलट मुळं झिजण्याचा धोका वाढतो. ‘सहा महिन्यांत हमखास’ असं सांगणाऱ्याला विचारा, की नक्की कोणते दात सरकवणार आणि किती.

कोणती तार

क्लिपा म्हणजे दातांना चिकटवायचे, तार धरून ठेवणारे छोटे तुकडे. धातूच्या क्लिपा दिसतात, पण मजबूत असतात, स्वस्त असतात आणि अवघड केसमध्येही चालतात. मुलांसाठी माझं मत सरळ त्यांच्याच बाजूने आहे. सिरॅमिकच्या क्लिपा दाताच्या रंगाच्या असतात, थोड्या ठिसूळ असतात. दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या क्लिपाही मिळतात. त्या महाग पडतात, आणि सुरुवातीला जीभ सोलवटते, बोलताना अडखळायला होतं.

पारदर्शक अलाइनर म्हणजे काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे. ते दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात हवेत. जेवताना आणि दात घासताना काढायचे, चहाच्या प्रत्येक घोटालाही काढायचे. ज्या घरात दिवसातून चार वेळा चहा होतो तिथे हे तास भरत नाहीत, हे मी माझ्याच ऑफिसात पाहिलं आहे. शिस्त असेल आणि दुखणं साधं असेल तर अलाइनर उत्तम. पण प्रत्यक्ष तपासणी आणि एक्स-रे न करता घरी मागवलेले अलाइनर कधीही घेऊ नका. हिरड्यांखालचं हाड कसं आहे ते न बघता दात हलवणं धोक्याचं आहे.

याहून धोक्याचं म्हणजे दोन दातांतली फट मिटवायला घरचं साधं रबरबँड गुंडाळणं. दात मुळाकडे निमुळता असतो, त्यामुळे रबर हळूहळू हिरडीखाली सरकतं, दिसेनासं होतं आणि आतलं हाड खात जातं. धडधाकट दात अशाने पडले आहेत. मोबाइलवर कोणी कितीही छान करून दाखवलं, तरी मुलांना हे स्पष्ट सांगून ठेवा.

लावायचा दिवस आणि पहिला आठवडा

क्लिपा चिकटवताना दुखत नाही. दात स्वच्छ करतात, काही सेकंद आम्लाची निळी जेल लावून धुतात, क्लिप चिकटवून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. तास-दीड तास तोंड उघडं ठेवून जबडा अवघडतो, एवढंच. ठणका लागतो तो संध्याकाळपासून. दुसऱ्या दिवशी लेकीला मऊ पोळीसुद्धा चावेना. चौथ्या-पाचव्या दिवशी ते ओसरतं. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्या. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या वारंवार घेतल्या तर दात सरकण्याचा वेग मंदावू शकतो.

गालाला क्लिप टोचते तिथे मेण लावायचं असतं. वाटाण्याएवढं मेण चिमटीत मळायचं, क्लिप कापसाने कोरडी करायची आणि मग दाबून बसवायचं. ओल्या क्लिपवर ते टिकत नाही. आमचं पहिलं पाकीट हे न कळल्यामुळेच वाया गेलं. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या की सोललेला गाल लवकर भरतो. दोन-तीन आठवड्यांत गाल सरावतो.

खाणं आणि घासणं

चिक्की, कडक तिळगूळ, चकली, कणसाचे दाणे दातांनी ओरबाडून खाणं, ऊस, फुटाणे, बर्फाचे खडे यांनी क्लिप निघते. एक क्लिप निघाली की त्या दाताचं काम पुढच्या भेटीपर्यंत अडतं, कधीकधी उलटही फिरतं. पण मुलाला सणासुदीला उपाशी वाटू देऊ नका. उकडीचे मोदक, पुरणपोळी, श्रीखंड, शिरा सगळं चालतं. पेरू आणि सफरचंद बारीक फोडी करून, भाकरी आमटीत कुस्करून, कणसाचे दाणे सुरीने काढून वाफवून द्या.

आपल्या स्वयंपाकघराची म्हणून एक खास गोष्ट सांगते. तार क्लिपेत धरून ठेवणारी पारदर्शक रबरं हळदीने दोन दिवसांत पिवळीधमक होतात. सिरॅमिकच्या क्लिपा घेऊन मोठ्या हौसेने पारदर्शक रबरं लावली आणि पहिल्याच वरणभाताने ती पिवळी पडली, असं माझं स्वतःचं झालं. राखाडी किंवा निळी रबरं मागा.

घासणं ही या सगळ्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. क्लिपेभोवती थर साचला तर तिथलं दाताचं आवरण झिजून पांढरे डाग पडतात. तार निघाल्यावर दात सरळ दिसतात आणि प्रत्येकावर चौकोनी डाग, असं दृश्य मी पाहिलं आहे. हे डाग पूर्ण जात नाहीत. फ्लोराइडची पेस्ट घ्या. ब्रश आधी क्लिपेच्या वरून खाली तिरका धरा, मग खालून वर, आणि तारेखालून छोटा बाटलीब्रशसारखा ब्रश फिरवा. रात्रीचं घासणं चुकायलाच नको. मुलांचं बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत एकदा तुम्ही स्वतः टॉर्च लावून बघा. हिरडीतून रक्त येतं म्हणून तिथे घासणं टाळलं तर रक्त वाढतं. तिथेच हलक्या हाताने जास्त घासायचं.

रबर बदलायच्या तारखा चार ते सहा आठवड्यांनी येतात. वाईहून साताऱ्याला एसटीने जायचं म्हणजे लेकीची अर्धी शाळा बुडायची, म्हणून आम्ही शनिवार मागून घेतला. दहावीच्या वर्षात तार सुरू करायची असेल तर दात काढणं आणि पहिले दोन महिने सुट्टीत येतील असं बघा.

मोठ्यांसाठी

वयाची अट नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असले तर पन्नाशीतही दात सरकतात. पण मोठ्यांचं गणित वेगळं आहे. माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून तीन महिने आधी हिरड्यांचे उपचार झाले, मगच तार. सुजलेल्या हिरडीत दात हलवला तर हाड झपाट्याने जातं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा. त्यातल्या काही औषधांनी हाडाचं विरघळणं-भरणं मंदावतं. तंबाखू, मिशरी, सिगारेट चालू असेल तर आधी ती सोडा.

मोठेपणी जबडा वाढत नाही, त्यामुळे जबड्यातच मोठा फरक असेल तर नुसत्या तारेने तो जात नाही. शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. दाटीवाटीचे दात सरळ झाल्यावर हिरडीजवळ काळे त्रिकोण दिसू शकतात. याबद्दल आधीच विचारून घ्या.

लग्न तीन महिन्यांवर आलं की कोणीतरी सुचवतं, ‘तार कशाला, पुढच्या सहा दातांना कॅप बसवून घे, आठवड्यात काम.’ कॅपसाठी धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात. ते आवरण परत येत नाही आणि त्या कॅप आयुष्यात पुन्हा बदलाव्या लागतात. पंचविशीतल्या मुलीने केवळ फोटोंसाठी हे करू नये, असं मला मनापासून वाटतं. तार लावून लग्नाला उभं राहायला काहीच हरकत नाही.

पैशांचं

धातूच्या तारेचा खर्च आपल्या शहरांत साधारण तीस ते साठ हजारांच्या घरात जातो. सिरॅमिकचा त्याहून जास्त, अलाइनरचा अनेकदा लाखाच्या वर. आरोग्य विम्यात हा खर्च सहसा बसत नाही. आकडा ऐकताना त्यात काय धरलं आहे ते कागदावर लिहून घ्या: एक्स-रे, दात काढणं, निघालेली क्लिप पुन्हा लावणं, उपचार लांबले तर पुढच्या भेटी, आणि रिटेनर, म्हणजे तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन. रिटेनर बहुतेक जण विचारायलाच विसरतात. बहुतेक ठिकाणी हप्ते चालतात. सगळे पैसे आधी भरू नका.

तार निघाली, आता रिटेनर

क्लिपा काढल्या त्या दिवशी लेक जिभेने दात चाचपत बसली होती, “आई, किती गुळगुळीत लागतात गं!” नेमक्या याच दिवशी सगळ्यांना वाटतं की संपलं. हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागी ओढत असतात, आणि ते नव्या जागी स्थिरावायला वर्षभर लागू शकतं. म्हणून सुरुवातीचे महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर रिटेनर, पुढे रोज रात्री, आणि दात जागेवर राहावेत असं वाटत असेल तोवर रात्रीचा चालूच. खालच्या पुढच्या दातांमागे बारीक तार कायमची चिकटवतात, तीही चांगली. मात्र तिच्याखालून रोज साफ करावं लागतं, आणि ती एका दातावरून सुटली तर कळतही नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं.

रिटेनर गरम पाण्याने धुऊ नका, आकार बदलतो. हॉटेलात जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका, ताटाबरोबर कचऱ्यात जातो. डबी नेहमी सोबत. हरवला किंवा तुटला तर त्याच आठवड्यात नवा करून घ्या. दोन महिने राहिला तर जुना सापडूनही बसत नाही. आणि रोजच्या वापरात एखाद्या रात्री घट्ट लागला, तर समजा की दात हलायला लागले आहेत. तो लगेच पुन्हा दिवसभर घालायला सुरुवात करा आणि डॉक्टरांना फोन करा.